बाराही कालवे बंद झाली आहेत

खाडीच्या काठाला, सोसायटीच्या जुन्या बर्फखान्याला चिकटून एक लांबट खोली आहे. तिच्या दारावर पाटी आहे, 'निरीक्षक (तोंड)'. पाटी रंगवून घेतली तेव्हा सोसायटीत तीन निरीक्षक होते, दोरांचा एक, पिंजऱ्यांचा एक आणि तोंडांचा एक. दोरांचे निवृत्त झाले, पिंजऱ्यांचे दुसऱ्या नोकरीवर गेले, त्यांच्या जागा कुणी भरल्या नाहीत. तोंडांचे तेवढे राहिले. त्यांना सगळे तोंडपाहे म्हणतात. इतकी वर्षं म्हणतात की पाकिटावरचं खरं नाव वाचून पोस्टमनसुद्धा क्षणभर थबकतो, मग "हां, म्हणजे आपले तोंडपाहे," असं स्वतःलाच समजावून पाकीट आणून देतो.

काम नावाप्रमाणेच. सोसायटीची कालवं खाडीत वाढतात. कालव म्हणजे दगडासारखा ओबडधोबड, दोन कवचांचा शिंपला. हॉटेलवाल्यांच्या दृष्टीने चैनीचा पदार्थ, आणि हातात घेतला तर रस्त्यावरचा खडा. दोरांना टांगलेल्या पिंजऱ्यांत अशी लाखो कालवं पाण्याखाली असतात आणि त्यांचं कसं चाललंय हे वरून कुणाला कळत नाही. म्हणून त्यांच्यातली बारा जणं प्रतिनिधी म्हणून तोंडपाह्यांच्या खोलीत आणून ठेवलेली. सिमेंटचं लांब टाकं, त्यात पंपाने खाडीचंच पाणी एका बाजूने येतं, दुसऱ्या बाजूने जातं. टाक्यात फळी, फळीवर ओळीने बारा कालवं खालच्या कवचाने चिकटवलेली. वरच्या कवचाला मासेमारीचा बारीक दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक भिंतीवरच्या छत्रीच्या काडीला आणि काडीच्या टोकाला लाल मणी. कालवाने तोंड उघडलं की मणी वर, मिटलं की खाली. ही सगळी जोडणी तोंडपाह्यांनी स्वतः केली आहे, तीन जुन्या छत्र्या मोडून. चौथी छत्री ताईची होती. त्याबद्दल ताई अजून बोलते.

मण्यांकडे पाहायचं आणि तक्त्यावर नोंद करायची. नोंदीसाठी सोसायटीने वेगळा तक्ता छापलाच नाही. कामगारांच्या हजेरीचे कागद उरले होते तेच दिले. त्यामुळे कालवाचं तोंड उघडं असेल तर त्याच्या नावापुढे 'ह', म्हणजे हजर, आणि मिटलेलं असेल तर 'र', म्हणजे रजेवर. नावाच्या रकान्यात एक ते बारा आकडे. हुद्द्याच्या रकान्यात बारा वेळा 'कालव'. एकदा वरून तपासणीला आलेल्या माणसाने चार नंबर वर्षभरात एकही पूर्ण दिवस रजा घेत नाही याबद्दल समाधान व्यक्त केल्याचा शेरा त्या कागदांवर अजून आहे.

बावीस वर्षं हेच. कालवाला सावली पडली की ते मिटतं, जवळून ट्रक गेला की मिटतं, खोलीत कुणी शिंकलं तरी मिटतं. म्हणून तोंडपाहे मऊ चपला घालून चालायचे, दार ओढून न घेता टेकवायचे आणि शिंक आली तर बर्फखान्याच्या मागे जाऊन शिंकून यायचे. बोलणं मुळात कमी, त्यात आणखी कमी झालं. भरतीच्या वेळी हा माणूस चार शब्द जास्त बोलतो, ओहोटीला गप्प असतो, असं कामगार म्हणायचे, आणि त्यात थट्टा किती, खरं किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. लग्न का केलं नाही म्हणून कुणी विचारलं तर ते टाक्याकडे हात दाखवायचे. "बारा जणांचं करता करता राहून गेलं."

घरी ताई. त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी, गावातल्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली. शाळेने राहायची खोली काढून घेतल्यावर गेल्या वर्षी ती पुस्तकांचे चौदा खोके आणि एक लाल पेन घेऊन भावाकडे आली. खोके अजून सगळे उघडलेले नव्हते, पेनाचं टोपण मात्र आल्या दिवसापासून उघडंच. वीज मंडळाची नोटीस तिने ऱ्हस्वदीर्घ सुधारून परत पाठवली. दवाखान्याच्या दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' लिहिलं होतं, तिथे "बाहेर काढाव्यात की बाहेर ठेवाव्यात?" असं विचारून तिने डॉक्टरांना दहा मिनिटं उभं केलं, मागे रोग्यांची रांग. भावाच्या चिठ्ठ्यांची तर रोजच तपासणी. 'दूध आणलं' लिहिलं तर 'आणलं'वर गोल आणि बाजूला 'आणले'. बोलताना कसंही बोला, कागदावर मात्र शुद्ध लिहा, हे तिचं एकतीस वर्षांचं पालुपद. मुलं शिकून गेली, पालुपद राहिलं.

त्या सोमवारी सकाळी तोंडपाहे खोलीत आले तर बाराही मणी खाली.

एखाददुसरा खाली असतोच. कधी चार, फार तर पाच. बाराही एकदम त्यांनी याआधी चार वेळा पाहिले होते, आणि चारही वेळा खाडीचं पाणी बिघडलेलं होतं. ते बाहेर जाऊन काठावर उभे राहिले. पाणी किंचित तांबूस होतं. चहाचा कप विसळलेलं पाणी असतं तेवढंच, दाखवल्याशिवाय कुणाला दिसलं नसतं. उन्हाने पाणी तापलं, वरून गोड्या पाण्याबरोबर शेतांतलं खत वाहून आलं की या पाण्यात डोळ्याला न दिसणारं शेवाळ माजतं आणि त्यातली काही जात विषारी असते. कालव बिचारं दिवसभर पाणीच पीत असतं. पाणी आत घ्यायचं, गाळून खायचं आणि उरलेलं सोडायचं, एवढाच त्याचा संसार. पाण्याची चव बिघडली की ते तोंड मिटून घेतं. पण मिटून किती दिवस राहणार? उपाशी राहून खंगतं, शेवटी उघडतं आणि विष आत जातं. मग कल्ले सुजतात, आतडी सोलवटतात, कवच ओढून धरणारा स्नायू लुळा पडतो. ज्याने सावली पडताच फट्‌कन मिटायचं ते बोटाने टकटक केलं तरी उघडंच राहतं. कोवळं बी, म्हणजे कालवांची पिल्लं, आधी मरतं. जी तगतात ती दिसायला झकास असतात आणि ते विष पोटात घेऊन बसलेली असतात. खाणाऱ्याचे आधी ओठ बधिर होतात, मग जीभ, मग बाकीचं. शिजवूनही ते जात नाही.

आणि गुरुवारी सकाळी कालवं काढायची होती. मोठ्या हॉटेलची ऑर्डर होती, गाडी आठला येणार होती.

तोंडपाह्यांना हवं होतं ते एकच. पाणी तपासून येईपर्यंत गुरुवारची काढणी थांबावी. एकदा आजारी कालवांची हलवाहलव केली तर निम्मी तशीच मरतील, आणि उरलेली निम्मी कुणाच्या तरी ताटात जातील.

त्यांनी आधी तक्त्यावर बारा वेळा 'र' लिहिलं, मग तक्ता घेऊन सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. चेअरमन हा उंच, दणदणीत आवाजाचा, सतत कुठेतरी निघालेला माणूस. त्याने बारा 'र' पाहिले आणि विचारलं, हे काय, संप केलाय की काय तुमच्या माणसांनी. तोंडपाह्यांनी जमेल तेवढ्या कमी शब्दांत सांगितलं. चेअरमन म्हणाला, पाणी तर छान दिसतंय. तोंडपाहे म्हणाले, कप विसळल्यासारखं दिसतंय. चेअरमनने यावर बराच वेळ विचार केला आणि कुणाचा कप, असं विचारलं. शेवटी म्हणाला की बारा कालवांच्या रुसव्यासाठी तो हॉटेलवाल्यांना नाही म्हणू शकत नाही. सरकारी कागद आणा, कागदापुढे आपलं काही चालत नाही, कागद नाही तर काढणी होणार. आणि एवढीच शंका असेल तर गुरुवारी पहिलं डझन तो स्वतः सगळ्यांसमोर खाऊन दाखवेल.

तोंडपाहे घरी आले ते पांढरेफटक. चेअरमन बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता, हीच तर पंचाईत.

पाणी तपासायची प्रयोगशाळा जिल्ह्याला, पाणी खात्याच्या पाच मजली इमारतीत. आधीच्या चारही वेळा तोंडपाह्यांनी तिथे अर्ज पाठवला होता आणि चारही वेळा प्रयोगशाळेचा माणूस दुसऱ्या दिवशी बाटल्या घेऊन हजर. या खेपेलाही त्यांनी तसाच अर्ज लिहिला. 'विषय : कालवं बंद झाल्याबाबत. बाराही कालवं बंद झाली आहेत. तोंडं उघडत नाहीत. कृपया त्वरित यावं.' सही केली, आणि पाकीट शोधायला आत गेले. तेवढ्या वेळात ताईने कागद पाहिला.

पाकीट घेऊन ते परत आले तेव्हा ताई स्वच्छ कागदावर, वळणदार अक्षरात अर्ज पुन्हा लिहून वाळवत होती. 'कालवे बंद झाल्याबाबत. बाराही कालवे बंद झाली आहेत. तोंडे उघडत नाहीत. कृपया त्वरित यावे.'

"सरकारी कचेरीत 'कालवं' पाठवतोस, बाळ? तोंडी ठीक आहे. एक कालव, अनेक कालवे. एक घर, अनेक घरे." तिने चष्मा काढून पुसला. "माझा भाऊ म्हणून ओळखतात तुला."

बाळ सत्तावन्न वर्षांचा होता. त्याने सही केली आणि पाकीट दुपारच्या बसने गेलं.

मंगळवारी कुणी आलं नाही. तोंडपाहे दर तासाला बाहेर जाऊन रस्ता पाहत होते. पाणी आता न दाखवताही तांबूस दिसायला लागलं होतं. चेअरमन तेवढ्यात दोनदा येऊन गेला, एकदा टाक्यात डोकावून "काय, निघाला का तोडगा?" असं कालवांनाच विचारलं आणि हसला. मंगळवारी संध्याकाळी चार नंबरचा मणी हळूहळू वर आला. तोंडपाह्यांनी बोटाच्या टोकाने कवचावर टकटक केली. मणी तिथेच राहिला. त्यांनी पुन्हा केली. त्यांनी तक्त्यावर 'ह' लिहिलं, मग ते खोडलं, मग काय लिहायचं ते न सुचल्याने रकाना मोकळा ठेवला.

बुधवारी सकाळी साडेनऊला एक पिवळी जीप आली. तीतून एक आडदांड गृहस्थ उतरले. एका हातात हातभर लांबीचा पाना, दुसऱ्या हातात तेलाचा डबा, खांद्याला झोळी. दारावरची पाटी त्यांनी नीट वाचली, पाना दाराबाहेर ठेवावा की आत आणावा याचा विचार केला आणि आत आणला.

"मी कालवे विभागाचा फिटर. गेट्स उघडायला आलोय. बाराही एकदम अडकलीत म्हणे."

तोंडपाह्यांना आधी काहीच कळलं नाही. फिटरने खिशातून आदेश काढून पुढे केला. झालं होतं ते असं. पाच मजली इमारतीच्या खिडकीवरच्या कारकुनाने 'कालवे बंद झाल्याबाबत' वाचलं आणि पाकीट दुसऱ्या मजल्यावर धाडलं. दुसऱ्या मजल्यावर कालवे विभाग. ते कालवे म्हणजे पाटबंधाऱ्यांचे, शेतांना पाणी नेणारे. आधी चारही वेळा 'कालवं' हे अशुद्ध लेखन पाहून कारकून बुचकळ्यात पडायचा, कुणाला तरी विचारायचा, ते कुणीतरी सांगायचं की अरे, ते खायचं असतं, आणि अर्ज तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेत जायचा. यंदा अर्ज शुद्ध होता, त्यामुळे कुणाला काही विचारायची गरजच पडली नाही. दुसऱ्या मजल्यावर तर धावपळ उडाली. एकाच ठिकाणचे बारा कालवे एकदम बंद पडल्याचं खात्याच्या इतिहासात नव्हतं. तासाभरात आदेश निघाला : 'सदर बारा कालव्यांची तोंडे तातडीने उघडण्यात यावीत.'

आदेशाला ताईचा अर्ज टाचलेला होता. आणि त्यावर, वळणदार अक्षरातल्या 'बाराही कालवे बंद झाली आहेत' या वाक्यातल्या 'झाली'वर लाल शाईचा गोल, बाजूला 'झाले', आणि समासात बारीक अक्षरात, 'अर्जदाराचे लिंगज्ञान कच्चे.'

फिटरने टाक्यात पाहिलं. मग मण्यांकडे, मग पुन्हा टाक्यात. आपण कुठे आलो आहोत हे त्यांना कळायला पाव मिनिट लागलं असेल. पण ते हसले नाहीत. झोळीतून चष्मा काढून त्यांनी सात नंबरचं कालव जवळून न्याहाळलं आणि ते कुठून उघडतं असं विचारलं. तोंडपाह्यांनी बिजागरी दाखवली. पान्याने उघडलं तर, असं फिटरने विचारलं. मरेल, असं तोंडपाह्यांनी सांगितलं. फिटरने मान डोलावली. सव्वीस वर्षं ते गेट्स उघडत आले होते. जबरदस्तीने उघडलं की गेट कामातून जातं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. गेट अडकतं ते आत काहीतरी बिघडलेलं असतं म्हणून, असं ते म्हणाले. तोंडपाहे म्हणाले, इथेही तसंच आहे. आणि मग दोघं टाक्याच्या काठाशी बसले, आणि तोंडपाहे बावीस वर्षांत बोलले नसतील इतकं बोलले. शेवाळ, विष, गुरुवार, हॉटेलची गाडी, चेअरमनचं पहिलं डझन. ओहोटी असून.

फिटरची अडचण वेगळी होती. त्यांच्या छापील अर्जात कामाचे दोनच प्रकार होते, 'उघडले' आणि 'काम चालू'. 'चुकून आलो' असा रकानाच नव्हता. रिकाम्या हाताने परत गेले तर चौकशी लागणार.

एवढ्यात भावाचा डबा घेऊन ताई आली. तिने आदेश वाचला. आदेशाला टाचलेला अर्ज वाचला. समासातलं बारीक अक्षर वाचलं, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. एकतीस वर्षांत तिच्या लिखाणाला लाल शाई लागली नव्हती.

"कालव हे नपुंसकलिंगी," ती म्हणाली. "अनेकवचनी 'कालवे बंद झाली' हेच बरोबर. कालवा असता तर 'झाले'. त्यांना आत्ता कळवते." आणि तिने पिशवीतून पेन काढलं.

पत्र लिहायला घेतलंही. दोन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात फिटरने आदेशाच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे छापील अक्षरांत ओळ होती : 'दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत सदर कालव्यांत उतरण्यास, त्यांतून काही काढण्यास वा त्यांत काही टाकण्यास सक्त मनाई आहे.'

"मी 'काम चालू' लिहिलं," फिटर शांतपणे म्हणाले, "की ही मनाई लागते. आणि तुम्ही ते पत्र पाठवलं की उठते."

ताईने भावाकडे पाहिलं. तो चार नंबरच्या मण्याकडे बघत होता. ताईने आपल्या दोन ओळी पुन्हा वाचल्या, त्या शंभर टक्के बरोबर होत्या. मग तिने पेनाला टोपण लावलं. टोपण लावताना एवढा वेळ लागतो हे फिटरने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

नंतर ती उठली, दोन बाटल्या धुऊन घेतल्या, एकीत खाडीचं पाणी भरलं, दुसरीत चार नंबर ठेवलं आणि दुपारच्या बसने स्वतः तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. दुसऱ्या मजल्यावरून जाताना ती डोळे मिटून गेली, असं तिने नंतर सांगितलं.

गुरुवारी सकाळी साडेसातला काठावर सगळे जमले. पंधरा-वीस कामगार, होड्या, हॉटेलची गाडी अर्धा तास आधीच आलेली, आणि चेअरमन नव्या शर्टात, खिशात लिंबू. बघतात तर धक्क्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फीत, दोन्ही टोकांना लाल झेंडी आणि मधोमध पाटी, 'कालवे दुरुस्ती. काम चालू. प्रवेश बंद.' पाटीखाली खुर्ची टाकून फिटर बसलेले, पाना मांडीवर.

चेअरमनने आदेश वाचला. तोंडपाह्यांना तो बावीस वर्षांत कधी घाबरला नव्हता, पण शिक्का असलेल्या कागदाला आणि लाल फितीला तो मनापासून घाबरायचा. तरी त्याने किल्ला लढवला. म्हणाला, आदेशात बारा लिहिलंय, ती बारा टाक्यात आहेत, खाडीतल्यांचा काय संबंध. फिटरने विचारलं, टाक्यात पाणी कुठून येतं. खाडीतून, असं कुणीतरी कामगार म्हणाला.

"मग झालं. कालव्याची बंदी उगमापासून धरतात."

चेअरमनने आजूबाजूला पाहिलं आणि त्याची नजर ताईवर गेली. तो सातवीत दोन वर्षं तिच्या वर्गात होता. त्याचा चेहरा एकदम उजळला. ताई खोटं बोलणार नाही हे त्याला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं.

"बाई, तुम्हीच सांगा. या कागदावरचे कालवे म्हणजे आपली कालवं, की शेताचे कालवे?"

ताईने चष्मा लावला. कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. एका बाजूला एकतीस वर्षं, दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि मध्ये लाल शाईचा तो गोल.

"इथे 'झाले' असं लिहिलंय," ती म्हणाली. "'झाले' म्हणजे पुल्लिंगी. पुल्लिंगी म्हणजे कालवा. व्याकरणाने बघायचं तर हे कालवेच."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. चेअरमनने मान खाली घातली. सातवीत घालायचा तशीच.

पण तो बोलल्याप्रमाणे करणारा माणूस. हॉटेलवाल्यांसमोर काहीतरी करणं भागच होतं. तो तडक तोंडपाह्यांच्या खोलीत घुसला, आता टाक्यात अकराच का आहेत हेही न विचारता त्याने बाही वर केली आणि सगळ्यात मोठं कालव खायला म्हणून टाक्यात हात घातला. लिंबू दुसऱ्या हातात. तोंडपाहे दारातच होते. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि बावीस वर्षांच्या सवयीने आवाज निघालाच नाही.

मागून फिटरचा आवाज आला, अगदी हलका, खोलीत शोभेल असा.

"साहेब, सरकारी कालव्यात हात घालू नका."

चेअरमनचा हात टाक्यातून असा बाहेर आला की जणू पाणी उकळतं होतं. लिंबू आत पडलं. ते काढायलाही त्याने हात घातला नाही. 'त्यांतून काही काढण्यास' हे शब्द त्याच्या चांगले लक्षात होते. ते लिंबू पुढचे नऊ दिवस टाक्यात तरंगत होतं, आणि तोंडपाह्यांनी तक्त्याच्या तळाशी त्याचीही नोंद ठेवली.

हॉटेलची गाडी रिकामी गेली. जमलेले कामगार फुकट का जावेत, म्हणून फिटरने परवानगी दिली की पिंजरे दोन पुरुष खोल सोडावेत. काढणं आणि टाकणं मना होतं, पण पातळी खाली करणं हे दुरुस्तीतच मोडतं. शेवाळ उन्हासाठी वरच्या थरात असतं, खाली पाणी बरं असतं, हे तोंडपाहे दोन दिवस सांगत होते. आता तेच फिटरच्या तोंडून सरकारी भाषेत आलं आणि दुपारपर्यंत सगळे दोर खाली गेले.

शनिवारी प्रयोगशाळेचं पत्र आलं. चार नंबरच्या मांसात इतकं विष होतं की त्याच्यासारखं डझनभर खाणारा माणूस दवाखान्यापर्यंत पोचणं कठीण होतं. चेअरमनने पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. दोन दिवस तो कुठेच निघाला नाही. तिसऱ्या दिवसापासून, कालवे विभागाला आपणच वेळेवर बोलावलं, असं तो सगळ्यांना सांगू लागला. तोंडपाह्यांनी ते चालू दिलं.

सगळी कालवं वाचली असं नाही. वरच्या पिंजऱ्यांतलं बी, त्याच वर्षी सोडलेलं नखाएवढं, जवळजवळ सगळं गेलं. पिंजरे वर ओढले तेव्हा चिमुकल्या उघड्या डब्यांसारखी कवचं निघाली आणि तोंडपाहे त्या दिवशी जेवायला घरी आले नाहीत. मोठी मात्र बहुतेक तगली. बारीक झाली होती, पण होती.

फिटर नऊ दिवस राहिले. बर्फखान्यात झोपायचे, सकाळी खुर्ची आत आणून मण्यांकडे बघत बसायचे. त्यांनीही मऊ चपला घेतल्या. दहाव्या दिवशी पाणी स्वच्छ झालेलं, आणि अकराच्या सुमाराला सात नंबरचा मणी थरथरला. दोघांपैकी कुणी हललं नाही. मणी चिमूटभर वर आला, थांबला, आणि वर गेला. मग दोन नंबरचा, मग अकरा नंबरचा, मग बाकीचे. फिटरने हळूच हात पुढे करून सात नंबरवर सावली धरली. मणी फट्‌कन खाली आला. फिटरला इतका आनंद सव्वीस वर्षांत एकाही गेटने दिला नव्हता, हे त्यांनी ताईला जाताना सांगितलं.

त्यांनी आपला छापील अर्ज भरला : 'कालवे उघडले. तेल लागले नाही.' संख्येच्या रकान्यात अकरा लिहिलं तर बारावा कालवा कुठे गेला याची चौकशी लागली असती, म्हणून खाडीतून एक चांगलं कालव आणून चार नंबरच्या जागी चिकटवलं. तक्त्यावर मात्र तोंडपाह्यांनी त्याला चार म्हटलं नाही. तेरा म्हटलं. चार नंबरची ओळ अजून तशीच आहे, मंगळवारपासून पुढे मोकळी.

ताईने तो अर्ज वाचला. 'उघडले' या शब्दावर तिची नजर थांबली, हात पिशवीकडे गेला आणि परत आला.

पुढच्या महिन्यात नेहमीचा मासिक अहवाल पाठवायचा होता. तोंडपाह्यांनी तिला बरं वाटावं म्हणून पहिल्या ओळीपासून शुद्ध लिहिला, 'बाराही कालवे हजर आहेत', आणि कागद टेबलावर ठेवून पाकीट शोधायला आत गेले. जरा जास्त वेळ लावून शोधलं.

बाहेर आले तर ताई कागदावर वाकलेली. लाल पेनाने तिने प्रत्येक 'कालवे'वरची मात्रा खोडली होती आणि तिच्या जागी, नीट बघून, एकेक टिंब देत होती.